फुटका प

“तोंड एवढं पुढं आणू नका, पोकळे. मोजा ओला होतो.”

इरावतीबाई देशमाने हे इतक्या सहज म्हणाल्या की, मी दचकून मागे सरकलो आणि खुर्चीसकट भिंतीवरच्या गोधडीला टेकलो. बार्शीतल्या आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत चारही भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या आणि खिडकीत एक जुनी गादी उभी कोंबली होती. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. टेबलावर माइक होता. माइकच्या पुढे, माझ्या ओठांपासून चार बोटांवर, भरतकामाची लाकडी रिंग तारेने बांधून उभी केली होती आणि त्या रिंगेवर ताणून बसवला होता बायकांचा कातडीच्या रंगाचा नायलॉनचा पायमोजा.

“नवा आहे,” बाई म्हणाल्या. “दोनदा धुतलाय.”

“पण कशासाठी हे?”

बाई निवृत्त शिक्षिका. विज्ञान शिकवायच्या. साध्या प्रश्नाचंही प्रात्यक्षिक करून घेतल्याशिवाय उत्तर द्यायच्या नाहीत. “हात तोंडासमोर धरा,” त्या म्हणाल्या. “आता ‘क’ म्हणा.”

मी म्हणालो.

“आता ‘प’ म्हणा. काय लागलं हाताला?”

“वारा.”

“हाच वारा माइकवर आदळतो. ऐकणाऱ्याच्या कानात धप्पकन वाजतो. प, फ, ब, भ, सगळ्यांचं तेच, पण तुमचा प विशेष आहे. ही जाळी वारा अडवते आणि आवाज सोडते. पॉप फिल्टर म्हणतात याला. विकतचा होता आपल्याकडे, तो मोडला. दुसरा येईपर्यंत हा.”

“बाई, मी सव्वीस वर्षं माइकवर बोलतोय.”

“कर्ण्यातून,” बाई म्हणाल्या. “तिथे गाडी कुठल्या फलाटाला लागली एवढं कळलं की माणूस खूश.”

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा नुकताच एसटीतून निवृत्त झालो होतो. बार्शीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गाड्या पुकारणं हे माझं काम. आणि बार्शीहून गाड्या जातात त्या परांडा, परळी, पांगरी, पुणे, पनवेल. उरलेल्यांतली मोठी भूम. माझं नाव परशुराम पोकळे. म्हणजे माझा जन्मच ओठ मिटून उघडण्यात गेला होता. माझ्या ‘पुणे’मुळे झोपलेले प्रवासी उठून बसत. एकदा एका बाईंनी, “तुमचा आवाज ऐकला की आपली गाडी चुकणार नाही असं वाटतं,” असं म्हटलं होतं. हे वाक्य मी पुढे बारा वर्षं, वेगवेगळी निमित्तं काढून, घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. माझ्या निरोपसमारंभात साहेब ते सांगायला विसरले, तेव्हा आभाराच्या भाषणात मीच सांगितलं.

अशा माणसापुढे कुणी पायमोजा ठेवला तर त्याने काय करावं? मी मनात ठरवलं, की या बाईला आवाजातलं काही कळत नाही.

काम असं होतं. अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. बाई ते चारेक वर्षं करत होत्या. मला पहिलंच पुस्तक मिळालं ते राज्यशास्त्राचं, नऊ धड्यांचं. ते एकाच व्यक्तीसाठी हवं होतं आणि तातडीने हवं होतं.

“परांड्याची रेहाना मुजावर,” बाईंनी सांगितलं. “एकतीस वर्षांची आहे. सातव्या वर्षी दृष्टी गेली. बी.ए.चं शेवटचं वर्ष बाहेरून देतेय. आतापर्यंत धाकटी बहीण वाचून दाखवायची, पण तिचं लग्न झालं आणि ती सोलापूरला गेली. रेहाना याच एका विषयात दोनदा नापास झालीय. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलतोय. या वेळी राहिली तर सगळं नव्याने. आठ एप्रिलला पेपर आहे.”

तेव्हा मार्चची तीन तारीख होती.

दोन दिवसांनी बाईंच्या मुलीचं बाळंतपण ठरल्यापेक्षा आधी आलं आणि बाईंना लातूरला जावं लागलं. जाताना त्यांनी मला सगळं शिकवलं. लाल बटण दाबायचं, लॅपटॉपवरची आवाजाची पट्टी लाल रंगात जाऊ द्यायची नाही, प्रत्येक धडा वेगळा साठवायचा, आणि दहा-दहा मिनिटांनी हेडफोन लावून तपासायचं.

“आणि मोजा?” मी विचारलं.

“मोज्याचं काय? तो आहे तिथेच राहील.”

तो तिथे वीस मिनिटं राहिला. पहिल्या दिवशी मी एकटा खोलीत बसलो, पुस्तक उघडलं, आणि ‘पंतप्रधान’ म्हणताना समोर ती कातडीच्या रंगाची कापडी पोटरी हलकेच फुगलेली दिसली. कुणीतरी पाय लांब करून माझ्या तोंडासमोर धरलाय असं वाटलं. मी उठलो, रिंग सोडवली, आणि कपाटात ठेवली. मग माइक आणखी जवळ ओढला, कारण स्टँडवर मी तो ओठांना टेकवूनच बोलत असे.

आणि काय वाचलं. पंतप्रधान, पक्ष, पक्षांतर, प्रतिनिधी, परराष्ट्रधोरण, पदच्युती, परिपत्रक. ज्याने कुणी ते पुस्तक लिहिलं त्याने जणू मला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. एकेका शब्दाला मी पूर्ण न्याय दिला. हेडफोन लावला नाही, केस विस्कटतात म्हणून. तेव्हा डोक्यावर मोजून चार ओळी केस होते, पण सवय. ध्वनिमुद्रण लॅपटॉपच्याच बारक्या स्पीकरवर ऐकलं. उत्तम वाटलं. पुढे मला कळलं की त्या बारक्या स्पीकरातून जाड आवाज येतच नाहीत. माझ्या सगळ्या चुका त्याने गिळून टाकल्या होत्या. त्या वेळी मात्र मला एवढंच वाटलं की बाई उगाच बाऊ करतात.

रोज संध्याकाळी निघताना मी कपाटातून रिंग काढून परत माइकपुढे बांधून ठेवत असे. म्हणजे आपण काहीतरी लपवतोय हे मला माहीत होतं. इतका मी निर्मळ नव्हतो.

दहा दिवसांत नऊ धडे झाले. साडेअकरा तासांचं वाचन. बाईंना फोन केला, “झालं.”

“तपासलंत?”

“ऐकलं सगळं.”

“शाबास. मी येईपर्यंत थांबू नका, तिचे दिवस जातायत. पाठवून द्या.”

मी सगळं एका पेनड्राइव्हमध्ये भरलं आणि परांड्याच्या गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे दिलं. रेहानाच्या भावाने ते तिथल्या स्टँडवर घेतलं. मग मी फोनची वाट पाहू लागलो.

एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. फोन नाही. मला आधी वाटलं पेनड्राइव्ह पोचला नसेल. कंडक्टरला विचारलं, तो म्हणाला, भावाच्या हातातच दिला. मग वाटलं, मुलगी लाजत असेल. सहाव्या दिवशी मी पाव किलो पेढे घेतले आणि परांड्याच्या गाडीत बसलो. कारण स्वतःला असं सांगितलं की, अभ्यासात काही अडचण असेल तर विचारून यावं. खरं कारण पेढ्यांवरून कुणालाही कळलं असतं. स्वतःच्या कौतुकाला जाताना मी स्वतःच पेढे घेऊन निघालो होतो.

मुजावरांचं घर किल्ल्याच्या अंगाला होतं. पुढच्या खोलीत रेहानाच्या भावाचं टेलरिंगचं दुकान. दोन मशीन सतत चालू. मागच्या खोलीत आई भाजी निवडत बसली होती आणि रेहाना पलंगावर, भिंतीला टेकून, कानात इयरफोन घालून. मशीनांच्या आवाजात साधं बोलणंही मोठ्याने करावं लागत होतं.

आईने माझं नाव ऐकलं आणि लगबगीने खुर्ची पुसली. “बसा की दादा. रेहाना, बार्शीचे सर आलेत. पुस्तकवाले.”

रेहानाने इयरफोन काढले आणि उठून उभी राहिली. उंच, सडपातळ, वेणी घट्ट घातलेली. “नमस्कार सर.”

“नमस्कार. मी परशुराम पोकळे,” मी म्हणालो. माझ्या खास आवाजात.

तिने डोळे घट्ट मिटले आणि मान किंचित मागे घेतली. दोनदा. एकदा ‘परशुराम’ला, एकदा ‘पोकळे’ला.

मला वाटलं, भारावली. ज्याचा आवाज आठवडाभर कानात आहे तो माणूस समोर उभा राहिला, असं होणारच. मी खुर्चीत ऐसपैस बसलो.

“पोचलं ना सगळं व्यवस्थित?”

“हो सर. फार उपकार झाले.”

“पाचवा धडा जरा लांब आहे. पण पक्षपद्धतीचा पाया त्याच धड्यात आहे.”

पापण्या, मान. पापण्या, मान. आता माझ्या लक्षात आलं की हे नेमकं कधी होतंय. पण माणूस आपल्याला नको असलेली गोष्ट समजून घ्यायला फार वेळ घेतो. मी आणखी दोन वाक्यं बोललो. दोन्हींत प होते.

“काही अडचण?” मी विचारलं.

रेहानाने उशीखालून एक जाड कागद काढला. त्यावर टोचलेल्या टिंबांच्या ओळी होत्या. “थोडे शब्द विचारायचे होते. बाईंना फोन करणार होते, पण त्या मुलीच्या बाळंतपणात आहेत म्हणाले भाईजान.” तिने बोट फिरवलं. “चौथ्या धड्यात रतोद म्हणून कुणी आहेत. हे कोण, सर? पक्षात फार अधिकार दिसतो त्यांना. सगळ्या आमदारांना आदेश देतात.”

“रतोद?”

“हो. आडनाव ना? श्री. रतोद असं धरून मी पाठ केलंय.”

“प्रतोद,” मी म्हणालो. “प्रतोद म्हणजे... पक्षाचा आदेश सदस्यांना कळवणारा. पद आहे ते. माणूस नव्हे.”

तिने मान मागे घेतली, मग कागदावर एक टिंब टोचलं. “आणि अक्षांतर?”

“पक्षांतर.”

“दच्युती?”

“पदच्युती.”

एकेचाळीस शब्द होते. मी एकेक सांगत गेलो. माझा आवाज बारीक बारीक होत गेला. कितीही हळू म्हटला तरी तिच्या पापण्या मिटतच होत्या. प तर माझ्या तोंडून साधाच बाहेर येत होता, पण गेले सहा दिवस तो तिच्या कानात ज्या तऱ्हेने आला होता ते तिचं अंग विसरायला तयार नव्हतं.

“रेहाना,” मी शेवटी विचारलं, “माझ्या बोलण्याने त्रास होतो का?”

“नाही सर. समोर बोलता तेव्हा अगदी नीट ऐकू येतं.”

“आणि इयरफोनमध्ये?”

आईने भाजीचं ताट बाजूला ठेवलं.

“आता विचारलंच तुम्ही तर सांगते दादा, रागावू नका,” आई म्हणाली. “तुमचं ऐकताना कानात धाडधाड वाजतं म्हणते. बाहेर मशीन चालतात म्हणून आवाज मोठा ठेवावा लागतो. दोन दिवसांपासून डावा कान ठणकतोय. एकात कापूस घालती आणि एकाने ऐकती. मी म्हणलं फोन कर सरांना. तर म्हणती, एवढा मोठा माणूस आपल्यासाठी बसून वाचतोय, त्याला नावं कशी ठेवायची.”

“अम्मी, पुरे,” रेहाना म्हणाली.

मी उठलो. पेढ्यांचा डबा हातातच होता, तो पलंगाच्या कडेवर ठेवला. काय म्हणून देतोय ते सांगता येईना. आईनेच विचारलं, “पेढे कशाचे, दादा?”

“सहज,” मी म्हणालो.

इरावतीबाई दुसऱ्या दिवशी लातूरहून आल्या. मी सकाळीच त्यांच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कपाट, रिंग, संध्याकाळी पुन्हा बांधून ठेवणं, सगळं. बाईंनी चहाही विचारला नाही. चप्पल घातली आणि वाचनालयाकडे चालू लागल्या. मी दोन पावलं मागून.

खोलीत त्यांनी मला खुर्चीत बसवलं, मोठे हेडफोन माझ्या कानांवर चढवले, पाचवा धडा लावला, आणि आवाज रेहाना ठेवते तेवढा मोठा केला.

मी जन्मात प्रथमच स्वतःला ऐकलं. कुणीतरी बंद दारावर लाथा मारत होतं आणि अधूनमधून राज्यशास्त्र सांगत होतं. ‘पक्ष’ला लाथ, ‘प्रणाली’ला लाथ, ‘परंतु’ला लाथ. पुढची लाथ कधी येणार हे कळायचं नाही, म्हणून खांदे आधीच आवळले जायचे. मी हेडफोन उतरवले.

“किती ऐकलंत?” बाईंनी विचारलं.

“असेल दहा मिनिटं.”

“साडेतीन.” त्यांनी घड्याळ दाखवलं. “तिने साडेअकरा तास ऐकलंय. आणि परीक्षा आहे म्हणून दुसऱ्यांदा ऐकत असेल.”

मी हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली.

“मोजा का काढलात?” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. वर्गात प्रयोग फसला की विचारत असतील तसं.

“पायमोज्यात बोलायला कसंतरी वाटलं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग सांगायचं होतंत, पोकळे. चहा गाळायचं फडकं लावून दिलं असतं. मलमल लावली असती. मोज्याला काय सोनं लागलंय?”

सव्वीस वर्षं हजारो माणसांना मी कुठे जायचं ते सांगत आलो होतो. एका बाईला, ‘मला लाज वाटते,’ एवढं सांगता आलं नाही.

पेपरला पंधरा दिवस उरले होते. बाईंनी हिशेब मांडला. रोज सकाळ-दुपार बसून दोन धडे वाचायचे आणि त्याच दिवशी शेवटच्या गाडीने पाठवायचे. मलमल होती, तरी मीच म्हणालो, मोजाच राहू द्या. बाईंनी हूं केलं आणि माइक थोडा तिरका करून ठेवला. वारा सरळ आत घुसू नये म्हणून. त्या स्वतः हेडफोन लावून समोर बसल्या. प फुटला की त्या नुसतं बोट वर करायच्या आणि मी ते वाक्य पुन्हा वाचायचो. पहिल्या तासात बोट छप्पन वेळा वर गेलं. तिसऱ्या दिवशी सात वेळा. घसा बसला तेव्हा त्यांनी घरून खडीसाखर आणली, पण बोट काही खाली ठेवलं नाही.

पहिला धडा पाठवण्याआधी मला वाटलं, माफी मागायला हवी. बाई नळावर पाणी आणायला गेल्या तेवढ्यात मी लाल बटण दाबलं आणि पहिल्या धड्याच्या सुरुवातीला बोललो. चांगलं बोललो. ‘एका ज्येष्ठाच्या अहंकाराने एका विद्यार्थिनीच्या वाटेत काटे पेरले’ असं काहीसं एक वाक्य त्यात होतं. माझेच डोळे भरून आले. ते तसंच परांड्याला गेलं.

सगळे नऊ धडे पाच दिवसांत पोचले. सहाव्या दिवशी वाचनालयात रेहानाचा फोन आला. बाईंनी घेतला, थोडं ऐकलं, आणि मला दिला.

“सर, सगळं स्वच्छ आहे,” ती म्हणाली. “कापूस काढला. दोन धडे तर पडून ऐकले.”

“कान?”

“बरा आहे. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. एक विनंती होती सर. रागावणार नसाल तर.”

“सांग ना.”

“पहिल्या धड्याच्या सुरुवातीला तुम्ही बोललाय ते. छान बोललाय. पण माझ्या ऐकायच्या मशीनवर पुढे ढकलता येत नाही. पहिला धडा उजळायला बसलं की दर वेळी ती अडीच मिनिटं ऐकावी लागतात. तेवढं काढून देता का?”

इरावतीबाई समोरच बसल्या होत्या. त्यांना काय ते कळलं असावं, कारण त्यांनी लॅपटॉप आधीच पुढे ओढला होता. माझी माफी त्यांनी एकदाही न ऐकता कापून टाकली. आता तो धडा ‘धडा पहिला’ या शब्दांनी सुरू होतो. वाचनालयात अजून आहे. कुणाचा आवाज आहे हे त्यात कुठे नोंदलेलं नाही.

रेहाना पास झाली. छप्पन टक्के मिळाले. प्रतोदावर पाच गुणांचा प्रश्न आला होता आणि तिने तो बरोबर लिहिला. पुढे तिने एम.ए. केलं, आणि आता ती भूमच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. तिची एम.ए.ची पुस्तकंही मीच वाचली, चौदा. पण हे नंतरचं.

त्या दिवशी फोन ठेवण्याआधी मला राहवलं नाही. मी विचारलं, “आणि बाकी, आवाज कसा वाटला?”

“कुणाचा?”

“माझा. या वेळचा.”

मागे मशीन चालू होतं. मुलगी खरं बोलणारी, तिने खरंच आठवून पाहिलं असावं.

“आवाजाकडे लक्ष गेलं नाही, सर,” ती म्हणाली. “धडाच ऐकू आला.”

मी फोन ठेवला आणि घरी जाऊन दोन दिवस रुसून बसलो.